शेगडीपुढची सुनावणी

बाळंतिणीच्या खोलीची खिडकी उघडायची नाही, आणि का ते विचारायचं नाही. आक्कांचा हा नियम इतका जुना होता की त्याचं वय आक्कांनाही ठाऊक नव्हतं. खिडकीच्या फटींत जुनी वाकळ कोंबलेली, दाराखाली घोंगडं आणि खाटेशेजारी रसरसत्या कोळशांची शेगडी. बेळगावातल्या पौषाच्या गारठ्याला आत यायचं तर आधी आक्कांची परवानगी काढावी लागली असती.

आत प्रमोदिनीची थोरली बहीण विनोदिनी आणि तिची तान्ही लेक. दोघी दिवसभर पेंगत. विनोदिनीचं डोकं ठणकायचं आणि पोर दूध ओढता ओढता मान टाकायची.

"दृष्ट लागलीय," आक्का म्हणाल्या.

"कोळशाचा वायू लागलाय," प्रमोदिनी म्हणाली. ती कॉलेजात सायन्स शिकत होती. (घराला त्याचा उपयोग आजवर कंदिलाची काच पुसण्यापुरता झाला होता.) "त्याला रंग नसतो, वास नसतो. कोंडलेल्या खोलीत माणूस झोपेतच जातं."

"रंग नाही, वास नाही, आणि तुला बरा दिसला गं."

"आक्का, खिडकी उघडी पाहिजे."

"कॅम्पातल्या मडमा टाकतात खिडक्या उघड्या. म्हणून तर त्यांची पोरं पांढरी."

प्रमोदिनीचे वडील, अण्णा, वकील होते. मुलगी आणि आपली थोरली बहीण आक्का या दोघींत त्यांनी आयुष्यात कधी निकाल दिला नव्हता; तारीख तेवढी द्यायचे. पण नातीची मान पाहून त्यांनाही चैन पडेना. "पुराव्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही," ते म्हणाले. "मी स्वतः स्थळपाहणी करतो."

रोज न्हाऊ घालायला येणारी मालुबाई बाळ-बाळंतिणीला न्हाणीघरात घेऊन गेली. तेवढ्यात अण्णा काळा कोट चढवून खोलीत शिरले, आणि पुराव्यात ढवळाढवळ नको म्हणून दाराखालचं घोंगडं त्यांनी आतून स्वतःच नीट सारलं.

प्रमोदिनी दाराला कान लावून उभी. "अण्णा, पुरे झालं. बाहेर या."

"सुनावणी चालू आहे."

मग बराच वेळ काही नाही. आणि एकदम खणखणीत आवाज आला, "मिलॉर्ड, माझ्या अशिलानं म्हैस चोरलीच नाही. चोरली असली तरी ती आटलेली होती."

आक्का हरखल्या. "बघ, केवढं सुचतंय त्याला. ऊब मानवली."

प्रमोदिनीनं धक्का देऊन दार उघडलं. अण्णा शेगडीपुढे हात जोडून झुलत होते. तिनं त्यांना ओढत अंगणात आणलं, शेगडीही बाहेर काढली, आणि वाकळ उपसून खिडकी सताड उघडली. अण्णा पेरूच्या बुंध्याशी बसून ओकले.

"काय निष्पन्न झालं?" आक्कांनी विचारलं.

"डोकं फुटतंय," अण्णा डोकं धरून म्हणाले. "निकाल राखून ठेवतो."

बाळ-बाळंतीण खोलीत परतल्या. मालुबाई दारातच थबकली. "खिडकी लावा की वो आक्का. वारं लागंल लेकराला."

आक्का वाकळ घेऊन निघाल्या. प्रमोदिनी खिडकीत चढून बसली.

"खिडकी मिटणार नाही आणि शेगडी आत येणार नाही. पोरीला दोन दुपटी जास्त गुंडाळा. सव्वा महिना मी इथनं उठत नाही."

"मोठ्यांसमोर..." आक्कांनी सुरुवात केली आणि खिडकीतून अंगणातल्या अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी डोकं आणखी घट्ट धरलं.

खोलीत आवाज एकच, पोरीच्या दूध पिण्याचा, चुटूचुटू, न थांबता.

मग प्रमोदिनीला शिंक आली. पाठोपाठ दुसरी, तिसरी.

आक्कांनी ती फटीतली वाकळ तिच्याच अंगावर घातली.