बर्फाची दृष्ट

वाळवंटात बर्फ कसा धरावा, हे कुणी मला विचारावं! बाहेर डांबर चपलेला चिकटत असतं, तेव्हा मी आत अख्खं मैदान गोठवून दाखवतो. आणि ते कसं? नुकत्याच न्हाऊ घातलेल्या तान्ह्या बाळाच्या गालासारखं! हे मी नाही म्हणत, सगळं बहरीन म्हणतं. म्हणजे, म्हणत होतं. सत्त्याण्णव सालच्या त्या गुरुवारपर्यंत.

मी अन्सार, मूळचा रत्नागिरीचा. मनामातल्या एका आइस रिंकवर यंत्रं सांभाळायचो. आमचे मॅनेजर नजीबसाहेब, इथलेच. त्यांच्या डोक्यात एक स्वप्न शिरलं होतं : आखातातल्या अव्वल क्लबांची आइस हॉकी स्पर्धा! कुवेतचा संघ येणार, दुबईचा येणार, मस्कतचा येणार, आणि पहिला सामना आमच्याच बर्फावर, आमच्या क्लबाचा. चषक तर असा मोठा, की त्यात पाच माणसांचा पुलाव शिजावा!

"अन्सार," साहेब म्हणाले, "पहिली मॅच नीट झाली की तुझा फॅमिली व्हिसा. बिघडली तर खलास!"

माझं काळीज 'व्हिसा' ह्या एका शब्दात अडकलं. बायको सायरा आणि लेक लाईबा व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. मुदत संपत आली होती. सोबत सासूबाई, महमुदाखाला. तिघींची परतीची तिकिटं कपाटावर ठेवलेली. जेवताना माझी नजर तिथंच जायची. खाला रोज लेकीला म्हणायची, "सायरा गो, गावाकडं घर बंद पडलाय. चल माझ्याबरोबर. ह्या खोलीत वाऱ्याला पण आत यायला व्हिसा लागतो!"

मी हसायचो. आतून मात्र चरकायचो.

सामन्याच्या दिवशी मी तिघींना रिंक दाखवायला नेलं. खालानं शालीवर शाल घेतली, त्यावर माझं स्वेटर चढवलं, आणि काठाशी उभी राहून बघतच राहिली. दिवे बर्फात उतरले होते. खाडीत चांदणं उतरावं तसे. ती आपसूक गुणगुणली :

"वाळूच्या गावात, जावयानं पेरलं पाणी,
पिकली गं चांदी, नजर ना लावो कोणी."

नेमके तेव्हाच पाहुणे आले. कुवेतचे प्रशिक्षक म्हणाले, "काच आहे, काच!" दुबईवाले म्हणाले, "असा बर्फ कॅनडातही नसेल!" नजीबसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी फुगलो, आणि फुगलेल्या छातीनं यंत्रघरात काटे बघायला गेलो.

माझी चूक म्हणाल तर ती एवढीच.

परत आलो तर लाईबा ओरडत होती, "पप्पा! नानी इज कुकिंग द आइस!"

गोलच्या तोंडाशी खाला उभी. पायाखाली गोणपाट. मुठीत काही नाही, कारण घरून शालीत बांधून आणलेलं सगळं खाली पडलं होतं : खडेमीठ, मोहरी, लाल मिरच्या! आणि माझं चांदीचं पीक तिथं चरचरत होतं. देवीचे व्रण उठावेत तसे खड्डे पडत होते!

"खाला! हे काय केलंत?"

"नजर काढली! एवढी माणसं वाखाणून गेली, नजर लागू नये म्हणून एकानं तरी माशाल्ला म्हटलं का रे?"

"अहो, नजर काढून मीठ चुलीत टाकतात!"

"चूल शोधायलाच गेले होते. तर तो दारावरचा वली म्हणाला, आग मफी, म्हणजे नाहीच! मग विस्तव नसेल तर पाण्यात सोडतात. आणि बरफ म्हणजे पाणीच की!"



बर्फ घोटायची गाडी फिरवावी तर मीठ मैदानभर पसरणार. मग मी आणि वली गुडघ्यांवर बसलो, मीठ खरवडलं, मिरच्या वेचल्या, खड्ड्यांत बर्फाचा भुगा दाबला. वली मला घाई करत पुटपुटत होता, "यल्ला, यल्ला!" भुगा वरून गोठला. आतून मात्र भातासारखा मऊ.

सामना सुरू झाला. कुवेतच्या धिप्पाड खेळाडूनं असा फटका हाणला, की पक, म्हणजे त्यांची ती काळी चकती, वीज होऊन सुटली. आमच्या गोलरक्षकानं डोळेच मिटले. आणि पक गोलच्या तोंडाशी येऊन, फच्च! रुतून बसली. मैदान चकित. गोलरक्षकानं एक डोळा उघडला, खाली वाकला आणि शेंग वेचावी तशी ती वेचली!

"वाह!" नजीबसाहेब नाचले. असं दोनदा झालं. मला वाटलं, बचावलो!

पण ह्या खेळात मध्यंतरानंतर बाजू बदलतात. आता खड्डा कुवेतच्या दाराशी! आमचे पोरगे जिवाच्या आकांतानं मारायचे, आणि पक फच्च! शेवटी शून्य विरुद्ध शून्य. नजरेच्या मिठानं कुणाचीच बाजू घेतली नाही. साहेब खाली उतरले, खड्ड्यापाशी वाकले, आणि त्यांच्या बोटांत काहीतरी लाल चमकलं.

मी घामानं भिजलो. बर्फावर!

कोपऱ्यात खालाला गाठलं. जिभेवर ताबा राहिला नाही. "लेकीला घेऊन जायचं होतं ना तुम्हाला? झालं तुमच्या मनासारखं!"

सायरा म्हणाली, "अहो, काय बोलता!"

खाला शालीच्या घड्या चाचपत म्हणाली, "न्यायची असती तर मीठ कशाला खर्चलं असतं रे मेल्या? बरफ टिकला तर तुमचं घर टिकेल, एवढं कळतं मला. बंद घराचं मी बघीन."

ह्याच मैदानाखाली नळ्यांतून मिठाचं थंडगार पाणी फिरतं, त्यानंच बर्फ धरतो. मीठ तेच, वर पडलं की वितळवतं. इतकी वर्षं यंत्राच्या काट्यांत डोळे घालून बसलो, पण खालाचंही तसंच आहे, हे त्या शालीपाशी कळलं.

नजीबसाहेब आले. तळहातावर गोठलेली मिरची. "हे काय?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी मिरची नाकाशी नेऊन हुंगली.

"माझी आई नजर काढायला हरमलचं बी जाळते," ते हळूच म्हणाले. "माशाल्ला कुणीच म्हटलं नाही?"

"नाही, साहेब."

"मी पण नाही?"

"तुम्ही पण नाही."

त्यांनी खालासमोर मान लववली. "व्हिसाचे कागद शनिवारी घेऊन ये. फायनलला खालाला आण. पण मीठ मफी!"

फायनलला खाला नव्हती. तिकीट तिनं बदलू दिलं नाही. विमानतळावर तिनं आम्हा तिघांवरून मूठ ओवाळली. मी तिचा पंजा उघडून बघितला. रिकामा! साहेबांची अट तिनं पाळली होती. डोळे पुसत आम्ही घरी आलो.

उकाड्यानं जीव कासावीस झाला होता. लाईबासाठी सरबत करावं म्हणून मी फ्रीजमधून बर्फाचा ट्रे ओढला. आत पाणीच पाणी! बोट बुडवून चाटलं. खारट! आणि वर मोहरीचा एक दाणा तरंगत होता. विस्तव नसेल तर पाण्यात सोडायचं असतं ना!

तेव्हा आखाताला बर्फ पुरवणाऱ्या ह्या माणसाच्या घरी कधी आलात, तर सरबत कोमटच मिळेल. तो ट्रे अजून कुणी रिकामा केलेला नाही.