सगळे एकदम

आमचा शेजारी रफीक एका वेळी एकच काम कधी करत नाही. गॅसच्या एका शेगडीवर चहा, दुसरीवर भात, नळाखाली बादली, गालाला दाढीचा साबण आणि कानाला फोन. भात रोज करपतो. तरी म्हणतो, "लाईन कशाला लावायची, अक्का? सगळे एकदम."

त्याचं पोटही यावरच चालतं. अहमदपूर, मुखेड, देवणीकडच्या शाळांचे कॉम्प्युटर त्याच्याकडे सांभाळायला आहेत. पूर्वी एसटीनं हिंडून एकेक नीट करायचा. आता स्टँडजवळच्या दुकानात बसून कामांची यादी लिहितो. तिला तो स्क्रिप्ट म्हणतो. बटण दाबलं की सगळ्या शाळांतल्या मशिनी एकाच वेळी ती कामं करतात आणि झालं म्हणून याला कळवतात. मी चौथी शिकले. मला एवढंच समजलं, की हा बसल्या जागी हुकूम सोडतो.

मी रक्तदाबाची गोळी विसरते, म्हणून त्यानं माझा फोनही त्यात जोडला. दुपारी दोनला फोनमधून त्याचाच आवाज यायचा, "अक्का, गोळी घ्या."

मी म्हटलं, "ऐकू येत न्हाई रे." त्यानं आवाज वाढवला. पण नव्या स्क्रिप्टमध्ये माझ्या फोनच्या जागी सवयीनं 'सगळे' लिहून बसला. दोन वाजता तीन तालुक्यांतले कॉम्प्युटर भर वर्गात ओरडले, "अक्का, गोळी घ्या." एका शाळेत तपासणीला साहेब आले होते. त्यांनी खिशातली गोळी काढून खाल्ली म्हणे.

त्या शाळेचे हेडमास्तर मात्र चिडले. शाळेच्या मशिनींत जोडलेला बाहेरचा फोन काढ, नाहीतर शाळेचं काम सोड, म्हणाले.

"काढून टाक," मी म्हटलं. "माझ्या गोळीपायी तुझ्या पोटावर पाय कशाला?"

"काढलो, अक्का," म्हणाला आणि खाली बघत बसला. त्याची अम्मा मुखेडला एकटी राहायची. हा शाळा-शाळा फिरत राहिला आणि तिच्या गोळ्या राहून गेल्या. कळलं तेव्हा उशीर झाला होता. हे तो एकदाच बोलला होता.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता दार वाजलं. दुकान बंद करून उन्हातून आला होता. हातात फोनही नव्हता.

"अक्का, गोळी घ्या."

गोळी मी कधीच घेतली होती. तसं सांगितलं तर हा उद्या यायचा नाही.

"घेते," मी म्हटलं. "आधी तू जेव."

मी ताट वाढलं. तो जेवला. नुसता जेवला.