अनधिकृत जंत

शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या आमच्या गावात कमलम्मांची सात वर्षांची नात अक्षरा हिच्या पोटातून वीतभर लांब जंत पडला. कमलम्मांनी तो बरणीत घातला आणि ग्रामसेवक हरिओम यांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"नळाची पाइप नालीतून गेलीय, साहेब. तितंच फुटलीय. लेकरू वाळून चाललंय."

ग्रामसेवकांनी फाईल पाहिली. मागच्या तपासणीत पाणी 'पिण्यास योग्य' ठरले होते.

"पाण्यात जंताची नोंद नाही, मावशी. म्हणजे हा जंत अनधिकृत आहे."

"पर हाय की. बघा की."

"दिसणं वेगळं, नोंद वेगळी."

तरीही तक्रार लेखी असल्याने पाण्याचा नमुना लातूरला पाठवायचे ठरले. नियमाप्रमाणे बाटली निर्जंतुक हवी होती. शिपाई बसवंतने स्टँडवरून सीलबंद पाण्याची बाटली आणली. ती उघडून नळाखाली धरली तर निर्जंतुक राहणार नाही, हे ग्रामसेवकांच्या वेळीच लक्षात आले. बाटली सील न फोडता रवाना झाली.

अहवाल आला. पाणी उत्तम होते.

पाणी उत्तम म्हटल्यावर दोष उरला लेकराचा. कमलम्मांना नोटीस निघाली : नातीचे हात वेळोवेळी स्वच्छ धुवावेत. बसवंतने ती वाचून दाखवली. कमलम्मांनी शांतपणे ऐकून घेतली.

"धुते की. कोणत्या पाण्यानं धुवू, तेवढं विचारून ये."

बसवंत विचारून आला. नोटिशीत पाण्याचा उल्लेख नव्हता.

पुढे शाळेत जंतनाशक गोळ्या वाटल्या. पोरांनी त्या शाळेच्या नळाच्या पाण्याबरोबर घेतल्या. गोळीने होते ते जंत पडले, पाण्याने नवे आले. दिवाळीनंतर अक्षराचे पोट फुगले, उलट्या थांबेनात. लातूरच्या डॉक्टरांनी पोट उघडले, तेव्हा आतड्यात जंतांचा गुंताच अडकलेला होता. पोरगी वाचली. आतड्याचा एक तुकडा मात्र काढावा लागला.

त्याच आठवड्यात ग्रामसभेत 'शंभर टक्के शुद्ध पाण्याचे गाव' असा ठराव आला. विरोध करील अशी एकच बाई गावात होती, आणि ती दवाखान्यात नातीच्या उशाशी बसलेली. ठराव एकमताने मंजूर झाला.

हात मीही वर केला. आमच्या घरी फिल्टर आहे. तुमच्याही असेलच.