दहा चौतीसचा साक्षीदार

बर्नच्या स्टेशनात मी फलक कधीच वाचत नाही. फलक वाचतात ते पर्यटक! आपण नुसतं घड्याळ बघायचं. दहा चौतीसला सात नंबरवर जी गाडी उभी असेल, ती थूनची. वर्षानुवर्षं हेच चाललंय आणि मला त्याचा भयंकर अभिमान आहे.

त्या दिवशी अकरा वाजता थूनला माझ्या धाकट्या बहिणीचं, कोर्नेलियाचं, नोंदणी पद्धतीनं लग्न होतं. एक साक्षीदार नवऱ्या मुलाची आत्या, दुसरा मी. दोन साक्षीदार नसतील तर लग्न नाही!

"ऊर्स, आधीच्या गाडीनं ये ना," ती आदल्या दिवशी म्हणाली.

"आधीच्या? अगं, बावन्नला थून, पंचावन्नला बस, एकोणसाठला कचेरीच्या दारात! वर एक मिनिट शिल्लक!"

दहा चौतीसला सात नंबरवर गाडी उभी होतीच. ऐटीत चढलो, दारं मिटली. आरे नदीचा पूल गेला, आणि उजवीकडे वळायचं सोडून गाडी सरळ सुटली!

"अहो, ही थूनला नाही जात?" मी तपासनीसबाईंना विचारलं.

"झुरिकला! मध्ये कुठंही थांबत नाही. ही दहा बत्तीसची. रुळावर गाय आली, म्हणून दोन मिनिटं उशीर झाला. थूनची आठ नंबरवर लावली होती. फलकावर होतं की!"

अख्खा डबा शरमला. माझ्यामुळे नव्हे, त्या दोन मिनिटांमुळे!

मी बहिणीला फोन लावला.

"झुरिक?" ती किंचाळली. "आता पुढची वेळ तीन आठवड्यांनी मिळणार, ऊर्स! इथं जेवायला साठ माणसं आलीयत!"

फोन बंद. मला खरंच रडू आलं.

पण आमची व्यवस्था बघा! झुरिकला उतरलो, दोन मिनिटांत परतीची गाडी. बर्नला सहा मिनिटांत थूनची. थूनला तीन मिनिटांत बस. बारा पंचावन्न! दोन तास उशीर, पण तोही मिनिटाला मिनिट धरून!

"तुम्हीच ऊर्स ना?" ड्रायव्हरबाईंनी विचारलं. "बहिणीचाच चेहरा आहे. बसा निवांत, लग्न लागलं."

"लागलं? आणि साक्षीदार?"

"मी! माझी बस त्या कचेरीसमोरच संपते. नवरी थांब्यावर रडत उभी. मला दहा एकोणसाठ ते अकरा तेरा विश्रांती असते. म्हटलं, चला. अकरा बाराला सही केली."

बाईंनी घड्याळ पाहून दार मिटलं.

"छान झालं हो लग्न. मेव्हणे तुमचे फार रडले. मीही रडले असते, पण तेराला बस काढायची होती!"