मास्टर ब्रांचचा पत्ता

कल्याणपासून कर्जतपर्यंत आपल्यासारखं नाक दुसरं नाही, असं विष्णुपंत गद्रे स्वतःविषयी सांगत, तेव्हा मीनल त्या नाकाकडे न बघायचा आटोकाट प्रयत्न करी. मोरिवलीच्या व्हॉल्व्ह कारखान्यात ते क्वालिटी ऑफिसर होते, पण ते पोटासाठी. पिंड गुप्तहेराचा. कॅन्टीनचा हरवलेला आमटीचा डाव त्यांनी अकरा दिवसांत शोधला होता. तो त्यांच्याच डब्याच्या पिशवीत निघाला, तरी तपास तो तपासच.

आताची केस मात्र त्यांच्या असिस्टंटच्या, म्हणजे मीनलच्या मुळावर आली होती. कुठल्या ड्रॉइंगमध्ये कुणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर तिने दोन वर्षं खपून कारखान्यात रुजवलं होतं. नवं गिऱ्हाईक म्हणालं, सॉफ्टवेअर झकास आहे, पण उद्या अडलं तर जबाबदार कोण? शुक्रवारपर्यंत सपोर्ट देणाऱ्या कंपनीचं सहीचं पत्र द्या. नाही मिळालं, तर साहेब सगळं पुन्हा पेनड्राइव्हवर नेणार होते. म्हणजे पुन्हा 'फायनल', 'फायनल नवं' आणि 'हेच खरं फायनल'. तशी कंपनी शोधायची कामगिरी विष्णुपंतांनी स्वतःकडे घेतली.

सॉफ्टवेअरच्याच वेबसाइटवर सपोर्ट देणाऱ्या कंपन्यांची यादी आहे, हे तिने सोमवारीच सांगितलं होतं.

"मीनल, लपलेला माणूस स्वतःचा पत्ता वेबसाइटवर टाकतो का?" विष्णुपंतांनी विचारलं.

तो लपलाय हे कुणी सांगितलं, हे विचारायची सोय नव्हती.

त्यांची पहिली थिअरी अशी, की फुकट वाटणारा एकतर साधू असतो, नाहीतर निवडणुकीला उभा. त्यात मंगळवार गेला. बुधवारी त्यांना मीनलच्या स्क्रीनवर 'मास्टर ब्रांच' हे ड्रॉइंगच्या मुख्य प्रतीला सॉफ्टवेअरने दिलेलं नाव दिसलं आणि नाक फुरफुरलं. ब्रांच आहे म्हणजे दुकान आहे. आणि मास्टर म्हटलं की शिंपी, शिंपी म्हटलं की उल्हासनगर.

तिथल्या कॅम्प पाचमध्ये हरेश मास्टरांचं शिवणकामाचं दुकान होतं. विष्णुपंतांनी दबक्या आवाजात विचारलं, बदल केल्यावर जुनं व्हर्जन परत मिळतं का?

"साईं, एकदा कापलं की परत नाही मिळत," हरेश मास्टर म्हणाले. "कमरेला थोडं ढिलं करून देतो."

विष्णुपंत ढिली पँट घालून परतले. माणूस पोचलेला आहे, काही कबूल करत नाही, एवढाच रिपोर्ट त्यांनी दिला.

गुरुवारी सकाळी मीनलने त्यांना न विचारता यादीतल्या सगळ्यात जवळच्या कंपनीला मेल टाकला. अर्ध्या तासात उत्तर आलं: करार होऊ शकेल, पत्र आजच देता येईल. खाली सही होती वैदेही गद्रे, चिखलोली. मीनलने ती दोनदा वाचली आणि स्क्रीन विष्णुपंतांकडे वळवली.

ही आपली सून दिवसभर मैत्रिणींशी फोनवर गप्पा मारते, असं विष्णुपंतांनी अख्ख्या कॅन्टीनला सांगितलं होतं. कालच संध्याकाळी तिला म्हणाले होते, हळू बोल, मी या केसचा विचार करतोय. मीनलला त्यांची खरंच दया आली.

त्यांनी फोन लावला. पलीकडून वैदेहीचा शांत आवाज आला. "बाबा, घरचं असलं तरी आधी तिकीट काढा. नंबराप्रमाणे बघते."

विष्णुपंतांनी फोन ठेवला. मीनलने तोवर वेबसाइटवर तक्रारीचं तिकीट काढलंही होतं. दुपारी साहेबांनी करारावर सही केली आणि चारच्या आत पत्र आलं. विष्णुपंत मात्र अजून तिथेच उभे होते, एका हाताने पँट सावरत.

"मीनल," ते कुजबुजले, "सून काहीतरी लपवतेय. चिखलोलीला अजून स्टेशनच झालेलं नाही, तर तिकीट कसलं मागते?"