सूट कटली!

गावंडे सर कुणाच्याही घरी आले की बसत नाहीत. थेट स्वयंपाकघरात शिरतात, ओट्याखाली वाकतात आणि गॅसच्या नळीला नाक लावतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझी वरणाची फोडणी तडतडत होती. सरांनी नमस्कार-चमत्कार काही न करता रेग्युलेटर बंद केला आणि माझ्याकडे बोट रोखून म्हणाले, "वहिनी, या नळीले चिरा पडल्या. सूट कटली तुमची!"

माझं डोकंच फिरलं. परक्या माणसानं येऊन माझा गॅस बंद करायचा? मोहरी अर्धवट तडतडून गप्प झाली आणि त्या दिवशीचं वरण कुणाच्या घशाखाली उतरलं नाही. नळीला खरंच चिरा पडल्या होत्या, दुसऱ्या दिवशी मी ती बदललीही, पण हे सरांना आजतागायत सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

ही सूट म्हणजे काय भानगड, ते सांगते. राजापेठेतल्या आमच्या इमारतीचा विमा आम्ही सगळे वर्गणी काढून उतरवतो. एका बैठकीत विम्याचा एजंट म्हणाला, आग विझवायची लाल नळकांडी लावा, वाळूच्या बादल्या ठेवा, जिना मोकळा ठेवा, दारांना मजबूत कड्या-कुलपं बसवा. कंपनीचा माणूस येऊन पाहील आणि त्याचं समाधान झालं तर हप्त्यात सूट मिळेल. आम्ही माना डोलावल्या, गिला वडा खाल्ला आणि विसरून गेलो. आमच्या भिंतीपलीकडचे गावंडे सर विसरले नाहीत. भातकुलीच्या शाळेत जन्मभर पीटी शिकवलेला माणूस. निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी तशीच होती, आता तिला काम मिळालं.

तेव्हापासून आमच्या सुखाला नजर लागली. जिन्यात सायकल ठेवली, सूट कटली. देवापुढचा दिवा पडद्याजवळ, सूट कटली. दाराची कडी ढिली, सूट कटली. बटण बंद न करता कूलरमध्ये पाणी भरलं, की खालून शिट्टी. अमरावतीच्या उन्हाळ्यात कूलर ही काय चैन आहे? पण सरांना वाद घालायचा नसतो, त्यांना फक्त निकाल द्यायचा असतो.

वाळूच्या बादल्यांत कुणीतरी तंबाखूचा खर्रा थुंकायचं, म्हणून सर जिन्याआड दबा धरून बसू लागले. ते एक वेळ समजू शकते. पण वानखडे काकूंनी त्यातल्याच दोन बादल्यांत कोथिंबीर पेरली, तेव्हा मात्र सर लालबुंद झाले. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. "काकू, उद्या आग लागन तवा काय तिच्यावर सांबार भुरकावता?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "ताजा हाय सर. एक जुडी नेता काय?"

पुढे ऐन मे महिन्यात सरांनी आग लागल्याचा सराव काढला. शिट्टी वाजली की हातातलं काम टाकून सगळ्यांनी खाली अंगणात यायचं. आम्ही घाम पुसत, सरांच्या नावानं बोटं मोडत उतरलो. काकू गच्चीवर कुरडया घालत होत्या, त्या काही आल्या नाहीत. सर खालून ओरडले, "काकू, जीव पायजे का कुरडया?"

"कुरडया!" वरून उत्तर आलं.

असा हा छळ चालू असताना एक दिवस सर माझ्या तावडीत सापडले. भर दुपारी मी गच्चीवरचे कपडे आणायला निघाले होते. तिसऱ्या मजल्यावर, भारसाकळ्यांच्या दारापुढे, जिन्याच्या अगदी तोंडाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून कोण बसलेलं? खुद्द गावंडे सर! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. "सर, जिन्यात खुर्ची? सूट कटली तुमची!"

सर दचकून उठले. "पाचच मिनिट बसलो होतो वहिनी," ते पुटपुटले.

"रोजच बसते तो," जाळीच्या दारामागून आवाज आला. ते भारसाकळ्यांचे वडील, तात्या. भारसाकळे नवरा-बायको दोघंही शिकवणी वर्ग चालवतात आणि दिवसभर तिकडेच असतात. तात्यांचं स्मरण गेलंय. एकदा गावाकडच्या वावरात जातो म्हणून निघाले आणि संध्याकाळी बसस्टँडजवळ सापडले. त्या दिवसापासून मुलगा जाताना जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावून जातो. इमारतीत सगळ्यांनाच ते बरं वाटलं होतं, मलासुद्धा. सर मात्र दुपारभर जाळीच्या अलीकडे बसून तात्यांशी तुरीच्या भावावर वाद घालत, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी कंपनीचा माणूस पाहणीला आला. सर इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्या पुढे. बादल्या पाहिल्या, नळकांडी पाहिली, जिना पाहिला, त्या गृहस्थानं तर चक्क वाखाणणी केली. सूट आमच्या खिशात पडलीच होती. निघता निघता त्यानं सहज विचारलं, "आणखी काही जोखीम आहे का इमारतीत?"

आम्ही एका सुरात नाही म्हणालो.

"हाय. चाला वर," सर म्हणाले.

सगळी वरात तिसऱ्या मजल्यावर गेली. तात्या जाळी धरून उभे होते. सरांनी कुलूप हातात धरून खडखडवलं. "हे पाहा. आतमंधी माणूस अन् बाहेरून कुलूप. धूर झाला त हे कोन उघडन? किल्ली पोराच्या खिशात, पोरगा किलासात. आमी काय कुलपावर वाळू फेकू?"

पाहणीपुरते वर्गावरून आलेले भारसाकळे मागेच होते. त्यांचा चेहरा पडला, मग तापला. "माझ्या वडिलांना जोखीम म्हणता?"

"मंग काय म्हनू?" सरांचा आवाज फाटला. "आमच्या भातकुलीले सून लग्नाले निघाली का सासू म्हनते, अंगावर जोखीम हाय, सांभाळून जाय. सोन्याले म्हनते ना ते? असं सोनं कुलपात कोंडून कोनी किल्ली घिऊन जाते काय, बह्याडा?"

कंपनीचा माणूस खाकरला. हे अहवालात घ्यावं लागेल आणि मग यंदा सूट कठीण आहे, असं सांगून तो गेला. त्यानंतर अंगणात जो गदारोळ झाला! वर्षभर आम्हाला पिळून काढलं आणि हातातोंडाशी आलेला घास या माणसानं स्वतःच घालवला. सगळे सरांना वाट्टेल ते बोलले. सर सरळ घरी गेले.

माझं मात्र समाधान झालं नव्हतं. संध्याकाळी भांडायलाच म्हणून मी त्यांच्या दारावर थाप मारली, तर दार आपोआप उघडलं. सर ओट्याशी उभ्यानंच भाकर-भाजी खात होते. मला तर आयतं कोलीतच मिळालं. "आम्हाला कड्या-कुलपं शिकवता आणि तुमच्याच दाराला कडी नाही?"

"नाई लावत मी."

"झोपतानाही?"

"झोपताना तं नाईच." सरांनी ताटाकडे पाहतच सांगितलं. "आमची मंडळी गेली तवापासून नाई. पोरगा अकोल्याले, जठारपेठेत. मले काही झालंच एखाद्या राती, त तुमाले दार तोडा लागन. चांगलं सागवानाचं दार हाय वहिनी, काहून तोडा लागाव?"

राग आला, पण आता सरांचा नाही. नळकांड्याला सूट, कुलपाला सूट, वाळूच्या बादलीलाही सूट. आणि दुपारभर दुसऱ्याच्या म्हाताऱ्याला राखत बसणाऱ्या माणसासाठी त्या कंपनीकडे काही नाही. आणि आम्ही? एकाच भिंतीपलीकडे राहून आम्ही त्याला फक्त शिव्या दिल्या.

"आजपासून कडी लावून झोपायचं," मी दरडावून सांगितलं. "सकाळी मी दार वाजवीन."

भारसाकळे आठवडाभर फुगून होते, मग एके दिवशी दुसरी किल्ली सरांच्या हातात ठेवून गेले. आता दुपारी तात्या सरांचा हात धरून अंगणात उतरतात आणि तुरीचा वाद खाली चालतो.

मी रोज सकाळी दूध घेऊन येताना सरांचं दार वाजवते. आतून चिडका आवाज येतो, "जिता हावो वहिनी! काहून दार तोडून राहिल्या?" एखाद्या दिवशी त्या आवाजाला जरा उशीर झाला की माझा जीव वरखाली होतो, आणि मग दार उघडल्यावर मी त्यांना चांगलं फैलावर घेते.