रॅलीत सगळ्यात पुढची फटफटी

"इंजिन बोलते, सुगत! ऐकणाऱ्याले कान पाह्यजे!"

असं म्हणून धोंडबांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक फटफटीच्या इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. भिलाईच्या प्लांटमध्ये फिटर म्हणून त्यांचा उभा जन्म गेला होता. तिथे घराएवढ्या मोटारींची दुखणी ते असाच कान लावून ओळखायचे. मग ही तर एवढीशी टू-स्ट्रोक, हिची काय बिशाद!

"मंग? काय म्हनते इंजिन?" बायकोने, शेवंताबाईंनी, दारातून विचारलं.

"बेअरिंग!"

आता खरं सांगायचं तर धोंडबांना सगळीकडे बेअरिंगच ऐकू यायचं. पंख्यात बेअरिंग, मिक्सरमध्ये बेअरिंग, एकदा तर शेवंताबाईंच्या गुडघ्यातसुद्धा!

पण या वेळी चेष्टेची वेळ नव्हती. चौदा एप्रिल तोंडावर आला होता. कॅम्प-1 वस्तीतून जयंतीची रॅली निघू लागली तेव्हापासून निळा झेंडा लावलेली धोंडबांची फटफटी सगळ्यांत पुढे आणि मागे अख्खी वस्ती, हा शिरस्ता होता. यंदा तर त्यांनी गाडीला टाकीपासून झाकणापर्यंत निळ्या रंगाचे तीन हात मारले होते. गाडी अशी चमकायची की बघणाऱ्याने तिच्यात पाहून भांग पाडावा! आणि नेमकी तेव्हाच ती रुसली. एका किकमध्ये सुरू व्हायची, झोकात चौकापर्यंत जायची, आचके द्यायची आणि ठप्प! बराच वेळ उभी ठेवली की पुन्हा सुरू, पुन्हा थोडं पुढे जाऊन ठप्प!

मुलगा सुगत रॅली कमिटीचा सेक्रेटरी. त्याने हळूच विषय काढला.

"बाबा, रैली के बीच में बंद पड़ गई तो पीछे पूरा जाम! यंदा तुमी टेम्पोत बसा ना, बाकीच्या बुजुर्गांसंगं. गादी टाकून देतो."

टेम्पो! टेम्पोत बसलं की रस्त्याने जो तो हात जोडून तब्येत विचारतो. धोंडबा म्हातारे झाले होते हे खरं, पण ते अजून कुणी जाहीर केलं नव्हतं!

"मी पुढंच राहीन! रॅलीत गाडी बंद पडली, तर जलमभर टेम्पोत बसतो. अन् नाई पडली, तर टेम्पोचं नाव काढाचं नाई! मंजूर?"

"मंजूर!"

बातमी वस्तीत फिरली आणि धोंडबांचे दोस्त न बोलावता हजर झाले. भिलाईतला माणूस रिटायर होतो, त्याचं डिपार्टमेंट होत नाही. पुंडलिक सेफ्टीतला. त्याने आल्या आल्या गाडीभोवती दोरी बांधली आणि हँडलला लाल पाटी लटकवली, 'काम चालू आहे, हात लावू नये'.

"कामाचं परमिट घेतलं का, धोंडबा?"

"माह्याच आंगनात?"

"अपघात आंगन पाहून येत नाई!"

शुभंकर इलेक्ट्रिकलचा. त्याने प्लग काढून उन्हात धरला आणि च्च-च्च केलं. "करंटच पोचून नाई राहिला. वायरिंग पुरी बदलावी लागते!"

शेषराव रेल्वेचे, दुर्ग लाइनवर इंजिन हाकलेले. ते खाली वाकले. "ब्रेक धरून राहिले. मालगाडीचं अस्संच होते. दम लागते अन् उभी राह्यते!"

"बेअरिंग!" धोंडबा गरजले.

कुणी कुणाचं ऐकेना. शेवटी प्लांटचीच रीत कामी आली. ज्याने त्याने आपापलं काम करायचं, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही. दुपार कलेपर्यंत फटफटीचा कण न् कण शेवंताबाईंच्या कुरोड्यांच्या चादरीवर वाळत पडला होता.

"हे गाडी हाये का भंगाराचं दुकान? अन् माह्या कुरोड्या कुठं गेल्या?"

"शटडाऊन हाये, शेवंता! शटडाऊनमंदी बायकांनी बोलाचं नाई!"

"बोलत नाई. चहाबी देत नाई!"

शटडाऊन झपाट्याने आटोपला. सगळं जोडून झालं, फक्त पेट्रोलच्या टाकीचं झाकण काही सापडेना. धोंडबांनी टाकीच्या तोंडात चिंधी कोंबली, मनातल्या मनात त्रिशरण म्हटलं आणि किक मारली. गाडी सुटली! चौक मागे पडला, पार पलीकडचं कोहका आलं, कोहक्याहून माघारी आली, एक आचका नाही!

अंगणात नुसता जल्लोष! धोंडबा तर गाडीवरून उतरायलाच तयार होईनात.

"पाह्यलं? प्लग!" शुभंकर.

"कशाचा प्लग? मी ब्रेक ढिले केले म्हनून!" शेषराव.

"बेअरिंग मी बदललं, अन् नाव तुमचं?" धोंडबा.

चहा आला म्हणून बरं, नाहीतर मारामारी झाली असती.

रॅलीच्या सकाळी शेवंताबाईंना कुरोड्यांच्या डब्यात टाकीचं झाकण सापडलं. पुंडलिकने चिंधी पाहिली आणि त्याचे डोळेच पांढरे झाले.

"पेट्रोलच्या तोंडात चिंधी? हे गाडी नाई, बॉम्ब हाये! मी जित्ता असेपर्यंत असं चालनार नाई!" त्याने स्वतःच्या हाताने झाकण बसवलं आणि दात-ओठ खाऊन गच्च आवळलं.

रॅली निघाली. निळे झेंडे, "जय भीम"चा गजर, मागे गाड्याच गाड्या आणि सगळ्यांत पुढे धोंडबा. त्यांची छाती शर्टात मावेना! चौक आला. गाडीने आचका दिला. दुसरा आचका आणि ठप्प! मागे कचाकच ब्रेक लागले. सुगत गर्दीतून वाट काढत धावत आला.

"बाबा! बंद पडली ना?"

धोंडबांना समोर टेम्पो दिसू लागला, गादीसकट!

तेवढ्यात रस्त्याकडेच्या मांडवातून महिला मंडळातल्या रंभाबाईंची आरोळी आली. "थांबले वो बाई! धोंडबा भाऊजी आपल्यासाठी थांबले!"

हा शेवंताबाईंच्या महिला मंडळाचा शरबताचा मांडव. दरवर्षी या बायका पहाटेपासून लिंबं पिळायच्या आणि दरवर्षी रॅली त्यांच्या नाकासमोरून सुसाट निघून जायची. मग आठवडाभर घरोघरी तेच शरबत! आज अख्खी रॅली समोर उभी! बायका ग्लास घेऊन धावल्या, उन्हाने करपलेली पोरं शरबतावर तुटून पडली. शेवंताबाई नवऱ्यापाशी आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"इतक्या वर्षांत पयल्यांदा माह्या शरबतासाठी थांबले तुमी."

धोंडबा सुगतकडे वळले आणि ताठ मानेने म्हणाले, "बंद पडली नाई. बंद केली! पोरायले तहान लागत नाई का?"

ठीक आहे, पण आता सुरू करायची कशी? त्यांनी किक मारली, मारली, मारतच राहिले. शेवटी पेट्रोल पाहायला झाकण फिरवलं, तर टाकीने 'सूंऽऽ' करून हवा ओढली.

धोंडबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हवा आत जायला झाकणाला सुईएवढं भोक असतं. हवा गेली तर पेट्रोल खाली उतरतं, नाहीतर एकच भोक पाडलेला डबा उपडा करूनही तेल पडत नाही तशी गत! आणि ते भोक त्यांनीच रंगाचे तीन हात मारून बुजवलं होतं. चिंधीतून हवा जात होती, म्हणून त्या दिवशी गाडी कोहक्यापर्यंत पळाली! बेअरिंग बिचारं निर्दोष! त्यांनी झाकण ढिलं ठेवलं. पहिल्याच किकमध्ये गाडी सुरू! मागून तिन्ही दोस्त आपापल्या कामगिरीचं नाव घेऊन ओरडले, पण धोंडबांनी आयुष्यात पहिल्यांदा बेअरिंगचं नाव न काढता गिअर टाकला.

संध्याकाळी त्यांनी गुपचूप भोक मोकळं केलं. तेवढ्यात सुगत आला.

"बाबा, बंदच पडली होती ना? आईचा चेहरा पाह्यला म्हनून चूप बसलो."

धोंडबा फडकं घेऊन आधीच चकचकीत असलेली टाकी पुसू लागले.

"पन कमिटीनं ठरवलं, पुढच्या वर्षीबी तुमीच पुढं. टेम्पो कॅन्सल!"

"खरंच?"

"फक्त बाकीच्या महिला मंडळांनी मले घेरलं. त्याहीचंबी शरबत उरते. तुमी नुसते थांबले तर पोरं बाजूनं पळतेत. इंजिन बंद पडलं तरच सगळे थांबतेत. मी हो म्हनून टाकलं. दर मांडवापुढं गाडी बंद पडली पाह्यजे. बराबर तिथंच. आगे ना पीछे!"

दुसऱ्या दिवशी धोंडबांनी तिन्ही दोस्तांना अंगणात बोलावून हा पेच समोर ठेवला. पुंडलिकने शुभंकरकडे पाहिलं, शुभंकरने शेषरावांकडे. तिघांनी चहा संपवला, चपला घातल्या आणि कधी नव्हे ते एका सुरात म्हणाले, "हे आमच्या डिपार्टमेंटात येत नाई!"